थंड इंजिनाची खडखड आणि जाड ऑइलचा उतारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडू लागली की वाहनांची काळजी कशी घ्यावी यावर वृत्तपत्रांत मजकूर येतो. बॅटरी, टायरमधली हवा, काचेवरचे धुके, सगळे त्यात असते. सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर इंजिनातून जी खडखड ऐकू येते तिच्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. गॅरेजमध्ये त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: "गाडी जुनी झाली, जरा जाड ऑइल टाकू." या सल्ल्यापायी धडधाकट इंजिने खोलायची वेळ येते, म्हणून हे पत्र.

टाइमिंग चेन म्हणजे खालच्या क्रँकवरून वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी, आणि टेन्शनर तिला ताणून धरतो. रात्रभर गाडी उभी राहिली की हेडमधले (इंजिनाच्या वरच्या भागातले) आणि टेन्शनरमधले ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, उतरते. बहुतेक गाड्यांत हा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. त्याचा प्लंजर (आतला दट्ट्या) बाहेर दाबलेला राहिला तरच चेन ताणलेली राहते. आतली स्प्रिंग एकटी त्याला पुरत नाही. सेल्फ मारल्यापासून पंपाचे ऑइल तिथवर पोचेपर्यंत चेन सैल असते आणि गाइडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटते. चांगल्या इंजिनात हे जाणवतही नाही. आता ५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडच्या जागी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतले, तर निफाडच्या ५ अंशांच्या सकाळी ते दुपटीहून अधिक घट्ट असते. पंपाला ते जाळीतून ओढून वर चढवायला जास्त वेळ लागतो. चेन ज्या एक-दोन सेकंदांत मार खाते, तीच सेकंदे या ऑइलने लांबतात. इंजिन तापल्यावर आवाज दबतो, ग्राहक समाधानी होतो आणि झीज रोज सकाळी चालू राहते. डब्यातून मिळणारी घट्ट ॲडिटिव्हही हेच करतात.

निदानासाठी इंजिन खरोखर थंड हवे. गाडी चालवत गॅरेजला नेली की पुरावा वाटेतच गेला. ती आदल्या संध्याकाळी तिथे ठेवावी, किमान आठ तास उभी राहू द्यावी आणि सकाळी मेकॅनिकने स्वतः बॉनेट उघडून, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून सेल्फ मारावा. आवाज कुठून आला आणि किती वेळ टिकला, या दोन गोष्टींत अर्धे निदान होते.

एक ते तीन सेकंद, टाइमिंग कव्हरच्या बाजूने, डब्यात साखळी हलवावी तसा आवाज आला तर संशय टेन्शनर, गाइड किंवा चेनवर. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या पेट्रोल गाडीत कॅमच्या फेजरची, म्हणजे ती वेळ बदलणाऱ्या भागाची, लॉक पिन झिजली असली तरी असाच आवाज येतो. वरून बारीक टिकटिक येऊन मिनिटभरात थांबली तर हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हजवळची फट भरून काढणारे भाग) पाहावेत. तशीच टिकटिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) पॅकिंग फुटल्यावरही येते, कारण धातू तापून फुगला की फट मिटते. मॅनिफोल्डच्या स्टडभोवती (बोल्टांभोवती) काजळीचा डाग असेल तर टॅपेटला हात लावू नये. खालून बोजड ठोके येऊन तीन-चार मिनिटांत विरले तर पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) डुलतो आहे. इंजिन तापल्यावर ठोके वाढत गेले तर ते कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे असण्याची शक्यता जास्त. अशी गाडी चालवू नये. डिझेलमध्ये थंडपणी येणारी कडकड कधी कधी फक्त ग्लो प्लगमुळे (चालू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगमुळे) असते. प्रत्येक प्लग मल्टिमीटरवर तपासावा. सुमारे एक ओहम दाखवला तर ठीक, सर्किट तुटलेले दाखवले तर प्लग जळाला.

हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, ही साधी गोष्ट, पण तिच्यापायी लोकांनी चेन बदलल्या आहेत. इंजिन थंड आणि बंद असताना मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरवरचे पत्रे मुठीने ठोकून पाहावेत. सैल पत्रा लगेच वाजतो आणि एका क्लॅम्पने भागते. नंतर बाहेरचा बेल्ट काढून वीसेक सेकंद इंजिन चालवावे. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, आयडलर किंवा बेल्टच्या पुलीत आहे. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो, म्हणून याहून जास्त वेळ चालवू नये.

आता सगळ्यांत उपयोगी चाचणी, जी फार थोडे जण करतात. रात्रभर थंड झालेल्या गाडीचे इंधन तोडून पाच-सहा सेकंद नुसता सेल्फ फिरवावा. बऱ्याच इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंधन आपोआप तुटते. नाहीतर फ्युएल पंपाचा रिले किंवा इंजेक्टरचे कनेक्टर काढावेत. मग सगळे जोडून लगेच गाडी चालू करावी. खडखड नाहीशी झाली तर दुखणे ऑइल वर पोचण्यातले आहे. तरीही आवाज आला तर चेन, गाइड किंवा फेजर झिजला आहे.

ऑइल पोचत नसेल तर आधी स्वस्तातले बघा. सपाट जागी डिपस्टिक पाहा. ज्या इंजिनात जेमतेम तीन लिटर ऑइल मावते, तिथे एक लिटर कमी म्हणजे तिसरा हिस्सा गेला. मग फिल्टर. डबा फिल्टरच्या आत रबराची चकती असते, ती इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे जाऊ देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये हे रबर लवकर कडक होते, नकली फिल्टरमध्ये ते नसतेच. नवा फिल्टर घेताना कडेच्या भोकांतून काडीने दाबून पाहावे. रबर मऊ लागले पाहिजे आणि सोडल्यावर परत बसले पाहिजे. त्यानंतर ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावावे. सेल्फनंतर दोन-तीन सेकंदांत काटा उठला पाहिजे. तापलेल्या इंजिनात हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा जुना ठोकताळा आजही कामी येतो. नक्की आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरावा. काटा उशिरा उठत असेल तर चेंबर उतरवून जाळी बघावी.

हे सगळे ठीक असेल तरच चेनचे काम काढावे. महाराष्ट्रात या कामाला वारंवार येणारे इंजिन म्हणजे १२४८ सीसीचे १.३ डिझेल. फियाटचे हे डिझाइन फियाटने मल्टिजेट, मारुतीने डीडीआयएस आणि टाटाने क्वाड्राजेट या नावांनी विकले. रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना ते बंद झाले, पण स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, लिनिया यांत ते आजही धावते आहे. यात बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून "आयुष्यभर बघायला नको" असे सांगून लोकांनी ऑइल बदलायलाही टाळाटाळ केली. चेनच्या पिना आणि बुश काजळी मिसळलेल्या ऑइलने झिजतात, चेन लांबते, टेन्शनरचा प्लंजर शेवटपर्यंत बाहेर येतो आणि मग खडखड सुरू होते. दुर्लक्ष केले तर चेन स्प्रॉकेटचा (दातेरी चाकाचा) दात चुकवते, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म तुटतात. खडखडणारी गाडी पुढच्या गिअरमध्ये असताना मागे ढकलू नये आणि उतारावर गिअरच्या भरवशावर उभी करू नये. इंजिन उलटे फिरले की टेन्शनरच्या बाजूची चेन ताणली जाऊन प्लंजर आत दाबते आणि सैलपणा दुसऱ्या बाजूला जातो.

काम निघालेच तर अर्धे करू नये. नुसती चेन किंवा नुसता टेन्शनर बदलून पैसे वाचत नाहीत, कारण झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर लांबते. चेन, दोन्ही स्प्रॉकेट, टेन्शनर, दोन्ही गाइड, क्रँकचे पुढचे ऑइल सील, ऑइल आणि फिल्टर एकदमच बदलावेत. कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना लावल्याशिवाय बोल्टला हात लावू नये. काही इंजिनांत क्रँकचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, काहींत तो एकदाच वापरायचा असतो. मॅन्युअल पाहून आणि टॉर्क रेंचनेच कसावा. कव्हरला सीलंटची दोन-तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरते. जास्तीचे सीलंट आत गळून जाळीत अडकते आणि प्रेशर पडते, म्हणजे ज्या दुखण्यासाठी इंजिन खोलले तेच परत येते.

नव्या टेन्शनरचा प्लंजर दाबून धरणारी पिन सोडल्यावर क्रँक पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे सरळ दिशेने फिरवावा आणि लॉक पिना पुन्हा बसतात का पाहावे. इथे नवे मेकॅनिक घाबरतात, कारण चेनवरच्या रंगीत कड्या खुणांवर येत नाहीत. त्या दोन फेऱ्यांत यायच्याही नसतात. स्प्रॉकेटच्या खुणा आणि पिना जुळल्या की टाइमिंग बरोबर आहे. ऑइल भरून, इंधन तोडून, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवावा आणि मगच गाडी चालू करावी.

ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिला असेल तोच टाकावा, आणि रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीने बदलाची मुदत पूर्ण संपायची वाट पाहू नये. ग्राहकांनी बिलावर प्रत्येक पार्टचा नंबर मागावा आणि काढलेले पार्ट परत घ्यावेत. जुन्या गाइडवर चेनची खोल खाच पडलेली दिसली, प्लंजर शेवटपर्यंत बाहेर आलेला दिसला, तर काम गरजेचे होते. गाइड गुळगुळीत आणि प्लंजर अर्ध्यावर असेल तर मेकॅनिकला फिल्टर आणि प्रेशरची तपासणी कधी केली ते विचारावे.

आपले,
मेकॅनिक मोटार व्हेइकल ट्रेडचे निवृत्त शिल्प निदेशक, नाशिक जिल्हा