लिलीवरच्या अळ्या आणि आमच्या बाई

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या बागेतल्या स्पायडर लिलीवर अळ्या पडल्या, तेव्हा फवारणीवाल्याला बोलवायचं जवळजवळ ठरलं होतं. तुम्ही एका निरोपावर आलात, गुडघे दुखत असतानाही वाफ्याशेजारी बसलात आणि एक पान उलटवून दाखवलंत. काळंभोर अंग, त्यावर पांढरे डाग, कडेला शेंदरी ठिपके. एवढ्या भडक अळ्या उघड्यावर निवांत चरत होत्या. लिलीत लायकोरिन हे विष असतं आणि तेच खाऊन या पोसतात, हे तुमच्याकडून कळलं.

‘पतंगांची चित्रं पाठ करू नका, कोण कुणाचं पान खातो ते बघा,’ असं तुम्ही म्हणालात. त्या एका वाक्याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच. पतंगांच्या नॉक्टुइडी कुळातल्या ग्लॉट्युलिनी या उपकुळाची सगळी ओढ कंदवाल्या लिलीवर्गीय झाडांकडे. आपल्याकडची ही पॉलिटेला ग्लोरिओसी पतंगाची अळी कळलावीवरही वाढते. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने अठराव्या शतकात या पतंगाचं नावही कळलावीच्या ‘ग्लोरिओसा’ या शास्त्रीय नावावरूनच ठेवलं. कळलावीत तर कोल्चिसिन हे विष, म्हणजे आणखी जहाल. या पतंगाची भावंडं, ब्रिथिस क्रिनी, भूमध्य समुद्राच्या वाळूतल्या पॅन्क्रॅशियम या लिलीसारख्या झाडावर पोट भरतात. इतक्या लांबची ही सोयरीक तुम्ही आम्हाला वाफ्यापाशी बसून समजावलीत.

तुमच्या सांगण्यावरून एक वाफा अळ्यांना सोडला, बाकीच्यांवरच्या हातमोजे घालून वेचून तिथेच नेऊन ठेवल्या. काही अळ्या माती घातलेल्या बरणीत पाळल्या. त्या मातीत शिरून कोषात गेल्या. पतंग बाहेर आला त्या सकाळी अख्खा मजला आमच्या दारात! पुढच्या पंखांवर लाल, पिवळे, काळे तुकडे, गोधडीला जोडावेत तसे. मागचे पंख मात्र काळपट. मुलांनी त्याला लिलीपाशीच सोडलं. खाल्लेल्या वाफ्याला कंदांतून पुन्हा पानं फुटली, हेही तुम्ही आधीच सांगितलं होतं.

बाई, निवृत्तीनंतरही तुम्ही आमच्यासाठी इतका वेळ काढलात, हे आम्ही विसरणार नाही. पावसाच्या तोंडावर कुंपणालगत कळलावी लावायचा विचार आहे. तिचे कंद फार विषारी, म्हणून लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा तुम्हीच येऊन ठरवून द्या. घ्यायला गाडी पाठवते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी