मुक्ते, प्लेलिस्ट बंद कर आणि आख्खा आल्बम लाव

प्रिय मुक्ता,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. रात्री सबमिशनचं काम करताना त्या लो-फायच्या, म्हणजे अभ्यासाला लावतात त्या संथ बीटवाल्या, प्लेलिस्ट ऐकून डोकं बधीर झालंय, बाबा तूच काहीतरी सांग म्हणालीस. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या लिंका टाकल्या असत्या तर तू त्या उघडल्याही नसत्यास, म्हणून लांबलचक लिहितोय, मेसच्या लायनीत उभी असशील तेव्हा वाच.

त्या प्लेलिस्टचा प्रॉब्लेम काय सांगू का, त्यात सगळे तुकडे सारखेच असतात, दोन-दोन मिनिटांचे, कुठे चढ नाही उतार नाही, एक संपून दुसरा कधी लागला ते कळत पण नाही. तुला जे हवंय त्याला डाउनटेम्पो म्हणतात, मिनिटाला साधारण 80 ते 110 ठोके, डान्सचं हाऊस म्युझिक 120 च्या आसपास जातं त्याच्यापेक्षा निवांत. 1990 सालाच्या आसपास लंडनच्या क्लबांमध्ये नाचून दमलेल्यांसाठी बाजूला एक खोली असायची, चिलआउट रूम, तिथे डीजे लोक मुद्दाम संथ काहीतरी वाजवायचे, तिथून हे बरंचसं वाढलं. म्हणजे मुळात हे दमलेल्या माणसांसाठीचं संगीत आहे, तुला आत्ता फिट बसेल.

सुरुवात बोनोबोच्या 'ब्लॅक सँड्स'ने कर, 2010 चा आहे. बोनोबो म्हणजे सायमन ग्रीन नावाचा इंग्लंडचा माणूस. पहिला ट्रॅक 'प्रील्यूड', दीड मिनिटाचाही नाही, नुसती व्हायोलिनं, तू म्हणशील यात इलेक्ट्रॉनिक काय आहे, थांब जरा, लगेच पुढे 'कियारा' लागतो आणि त्यात तीच व्हायोलिनं कापून तुकडे करून बीटवर बसवलेली ऐकू येतात. बंदिशीच्या आधी आलाप घ्यावा तसं आहे ते. आता तुझं अ‍ॅप काय करतं, त्यातला 'कियारा' तेवढा उचलतं आणि शफलमध्ये कुठेतरी कोंबतं, आलाप गेला कचऱ्यात! त्यासाठीच सांगतोय, आल्बम पहिल्यापासून लाव, शफल बंद ठेव, आणि फोनच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नकोस, या लोकांचं अर्धं काम बेसमध्ये, म्हणजे खालच्या जाड सुरांत असतं आणि फोनला तो झेपतच नाही. गेल्या वाढदिवसाला घेतलेले हेडफोन वापर की.

दुसरा 'मून सफारी', 1998 चा, एअर नावाच्या फ्रेंच जोडीचा. दोघं व्हर्सायचे, एक आर्किटेक्चर शिकलेला आणि दुसरा गणितवाला, त्यामुळे तुझ्या त्या बाईंना सांग आर्किटेक्चरची पोरं बाकी पण काहीतरी करतात. पहिला ट्रॅक सातेक मिनिटांचा आहे आणि तो सगळा एका बेसगिटारच्या जिवावर चालतो, वर जुन्या सिंथेसायझरचे आणि ऱ्होड्स नावाच्या इलेक्ट्रिक पियानोचे आवाज तरंगत असतात. काम करताना हा आल्बम बेस्ट, गाणी थोडीच आहेत आणि शब्द अंगावर येत नाहीत. मी तेव्हा फोर्टात नोकरीला होतो, जेवणाच्या सुट्टीत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन सीड्यांच्या मागची बाजू वाचत बसायचो, घ्यायचो कमी वाचायचो जास्त. दुकान 2016 मध्ये बंद झालं, पण मागची बाजू वाचायची सवय मात्र अजून उपयोगी पडते, ते खाली सांगतो.

बोर्ड्स ऑफ कॅनडाचा 'म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन' पण 1998 चाच. नावात कॅनडा असलं तरी माणसं स्कॉटलंडची, दोघं सख्खे भाऊ, आणि ते भाऊ आहेत हे त्यांनी बरीच वर्षं सांगितलंच नव्हतं, काय हौस असते एकेकाला. आवाज सगळा जुन्या झिजलेल्या टेपसारखा, मध्येच लहान मुलांचे आवाज. सुंदर आहे पण रात्री दोन वाजता एकटी असताना नको लावूस, थोडं भुताटकी वाटतं. व्हिएन्नाच्या क्रूडर आणि डॉर्फमाइस्टरचे 'के अँड डी सेशन्स' ऐकलेस तर दोन सीड्यांचा ऐवज आहे, जवळजवळ सगळी दुसऱ्यांची गाणी घेऊन केलेले रीमिक्स, आणि गंमत बघ, स्वतःचा आल्बम त्यांनी 1995 मध्ये करून ठेवला आणि काढला 2020 मध्ये! तुझ्या सबमिशनपेक्षा पण लेट.

टायको नावाचा एक अमेरिकन कलाकार सगळे सांगतात म्हणून तुलाही कोणीतरी सांगेल. त्याचा 'डाइव्ह' चांगला आहे, पण माझ्या मते एका दमात ऐकला की सगळं एकच वाटायला लागतं, भांडू नकोस, ऐकून ठरव.

झोपायच्या वेळी यातलं काहीच नको, तेव्हा ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' लाव. त्यात बीटच नाही. टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या लूप, म्हणजे परत परत वाजणारे तुकडे, एकत्र फिरत ठेवल्यात त्यामुळे सूर दर वेळी वेगळ्या ठिकाणी एकमेकांना भेटतात, लक्ष दिलं तर मजा, नाही दिलं तरी त्रास नाही. आजी मात्र म्हणते तानपुरा लावून गायचं विसरलेत.

आता पुढचं तुझं तू शोध. सीडीच्या मागे असतं तसं आवडलेल्या आल्बमचं लेबल, म्हणजे तो काढणारी कंपनी बघ, बोनोबो निंजा ट्यूनचा, मग त्याच लेबलचे सिनेमॅटिक ऑर्केस्ट्रा सापडतील. गाणारं कोण आहे बघ, 'ब्लॅक सँड्स'मध्ये आंद्रेया ट्रियाना आहे, तिचे स्वतःचे आल्बम आहेत. आपल्याकडचं हवं असेल तर कर्ष काळेचा 'रिअलाइज', 2001 चा, तबला आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र, फक्त तो सगळा निवांत नाही, मधे मधे धावतो.

आई विचारतेय डिंकाचे लाडू पोचले का, आणि डबा परत आण म्हणते, स्टीलचा आहे.

तुझा,
बाबा