लंबकापाशी भेटलेल्या त्या गाईड दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही, पण परवा शाळेच्या सहलीत सायन्स म्युझियममध्ये फुकोच्या लंबकापाशी, म्हणजे पृथ्वी फिरते हे दाखवणाऱ्या त्या मोठ्या झुलत्या गोळ्यापाशी, आमच्या वर्गाला माहिती देत होतात ते तुम्ही, आणि पांढरी काठी घेतलेली मुलगी होती ना, तिची मी आई. घरी आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय, पण लिहायला बसलं की डोळे भरून येतात.

सहल म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. आधीच्या शाळेने असंच म्युझियम बघायला नेलं होतं आणि माझ्या पोरीला दाराजवळच्या बाकावर बसवून ठेवलं, का तर "तिला काय दिसणारे, उगाच धडपडेल". सगळा वर्ग आत आणि ही डबा मांडीवर घेऊन बाहेर! मला ते कळलं तेही तिच्या मैत्रिणीकडून, आणि साधं सॉरी आजपर्यंत कोणी म्हटलेलं नाही.

म्हणून या वेळी मी सोबत आले होते. तुम्ही सांगत होतात, १८५१ मध्ये फुको या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून दाखवला, गोळ्याची झुलायची दिशा तीच राहते पण पृथ्वीबरोबर खालची जमीन फिरत असते, त्यामुळे कडेने मांडलेल्या खुंट्या गोळा लागून एकेक करून पडतात. पोरं रेलिंगवर ओणवी झाली आणि मला वाटलं झालं, आता ही परत एकटी पडणार.

तेवढ्यात तुम्ही एक जास्तीची खुंटी हळूच तिच्या हातात दिलीत आणि सगळ्यांना म्हणालात, "आता सगळ्यांनी डोळे मिटा, खुंटी पडलेली ऐकू आली की हात वर करायचा."

बास, एवढंच. तिचं नाव घेतलं नाहीत, "हिला दिसत नाही ना म्हणून" असलं काही बोलला नाहीत, दया नाही की कौतुक नाही, खेळच असा काढलात की अख्खा वर्ग तिच्यासोबत वाट बघत उभा राहिला. इतकी दंगेखोर पोरं पण चिडीचूप! आणि टक् आवाज झाला तसा पहिला हात हिचा वर गेला. मग तिने विचारलं, "म्हणजे पृथ्वी फिरलेली मला ऐकू आली?" तुम्ही म्हणालात, "हो, आली."

पुढे व्हॅन डी ग्राफच्या, म्हणजे स्थिर वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, गोळ्यावर हात ठेवून केस उभे राहिले तेव्हाही ती खूप हसली, पण घरी येऊन सांगितलं ते खुंटीचंच, आजीला, शेजारच्यांना, फोनवर मामाला.

तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यासाठी वेगळं काही सामानही लागलं नाही, समोरच्या पोराकडे नीट लक्ष होतं म्हणून सुचलं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे आईबाप पोरांना बाहेर पाठवायचं धाडस करतात हो. मनापासून आभार.

आणि आता तिला कळलंय की विषुववृत्तावर लंबकाची दिशा फिरतच नाही, तर मग तिथे या खुंट्या कशा पाडायच्या असं तिचं म्हणणं आहे. मी काही उत्तर दिलेलं नाही, तुम्हालाच विचारायला आम्ही परत येतोय.