संगणकाच्या खोक्यावर अपडेटची अखेरची तारीख छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुना संगणक वेळीच बदला, असा सल्ला देणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. संगणक चालवणाऱ्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ज्यांच्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही त्यांनी नवं मशीन घेऊन टाकावं, असा त्याचा सूर होता. लेखातली माहिती बरोबर आहे. पण लिहिणाऱ्याला लॅपटॉप बहुधा ऑफिसातून मिळत असावा. मी बार्शीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझं गिऱ्हाईक मशीन स्वतःच्या खिशातून घेतं आणि घेतानाच घरात ठरलेलं असतं, की थोरल्याची बारावी आणि धाकटीची डिग्री यावरच निघाली पाहिजे.

त्या ऑक्टोबरपासून दुकानात एकच प्रश्न येतोय, ‘माझं मशीन बंद पडणार म्हणे?’ तर, नाही पडणार. कालपर्यंत चालत होतं तसंच आजही चालतं. थांबलंय ते दर महिन्याला येणारं सुरक्षेचं अपडेट. म्हणजे उद्या विंडोजमध्ये एखादं नवं भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही. हे साधं पाच मिनिटांत सांगता येतं, पण तोवर कोणीतरी घाबरवून कोटेशन हातात दिलेलं असतं.

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं सांगतो. तिथं इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं असेंबल मशीन आहे. मधे हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून दिली, तेव्हापासून बटण दाबल्यावर चहा येईपर्यंत थांबावं लागत नाही. काम दोनच: टॅलीत हिशेब, आणि सौदे उरकले की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या काढणं. वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली निव्वळ रक्कम. कार्बनच्या तीन प्रतींवर टरटर करत पट्टी निघते, फाडून दिली की माणूस मोकळा. तुरीच्या हंगामात सीपीयू उघडला की पंख्यावर डाळीच्या भुशाचा पिवळसर थर बसलेला असतो. ब्लोअर मारायचा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावायची, रॅमच्या पट्टीच्या कडा खोडरबरानं पुसायच्या, की गडी पुढच्या हंगामाला तयार.

या दुकानदाराला पुण्याच्या एका विक्रेत्यानं सांगितलं, सगळं बदला. बदलायचं तर नुसतं मशीन बदलून भागत नाही. त्या डॉट मॅट्रिक्सची जाडजूड केबल ज्या पोर्टात जाते, तो पॅरलल पोर्ट नव्या बोर्डावर सहसा नसतो. यूएसबीची बदली केबल मिळते, पण टॅलीतून छापताना ती कधी चालते, कधी रुसते. मग प्रिंटरही नवा. एवढं करून पट्टीवर पूर्वी जे छापून यायचं तेच येणार.

हे मशीन विंडोज ११ ला का चालत नाही? वेग कमी पडतो म्हणून नव्हे. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ जाहीर केलं, तेव्हा दोन मुख्य अटी घातल्या. एक, बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी. डिस्कला लावलेल्या कुलुपाच्या किल्ल्या तिच्यात राहतात. दोन, प्रोसेसर त्यांच्या यादीतला हवा, आणि इंटेलच्या बाबतीत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आय-थ्री तिसऱ्या पिढीचा असेल तर ते मशीन म्हातारं झालं हे मलाही मान्य आहे. पण सहाव्या-सातव्या पिढीचं काय? त्यातल्या कित्येक लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आहे, तरीही प्रोसेसर यादीत नाही म्हणून नकार. यादी जाहीर झाली तेव्हा सातव्या पिढीचे लॅपटॉप घेऊन लोकांना जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. गंमत म्हणजे सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरना नंतर सवलत मिळाली. त्यातला एक कोणता? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला. घरच्या पोराला पास करायचं म्हणून पास केलं, असंच ते दिसतं. आता यामागचं तांत्रिक कारण मला समजावून सांगू नका, मी रोज याच बोर्डांना डाग देतो.

सुरक्षा हे थोतांड आहे असं मी म्हणत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला, तेव्हा जगभर दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत फाइली कुलूपबंद झाल्या. त्या भोकाचं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं; ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. त्यामुळे जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याला मी स्वतः दटावतो. अपवाद आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याचा. त्याचं मशीन अजून विंडोज ७ वर आहे, लग्नपत्रिका तो पेजमेकर ७ मध्ये मांडतो (हे सॉफ्टवेअर २००१ सालचं), आणि नेटची केबल त्या मशीनला जोडायचीच नाही असा त्याचा दंडक आहे. पेनड्राइव्हसुद्धा आधी शेजारच्या मशीनवर तपासून घेतो. अख्ख्या गल्लीत व्हायरसवाचून राहिलेलं तेवढं एकच मशीन असेल.

मायक्रोसॉफ्टनं वर्षभराची वाढीव सोय ठेवली आहे, हेही सांगायला हवं, कारण कोटेशन घेऊन फिरणारे ते सांगत नाहीत. घरगुती वापराच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळू शकतात. त्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा त्यांचे रिवॉर्ड्सचे हजार पॉइंट खर्च करा, किंवा मशीनच्या सेटिंग्ज त्यांच्या खात्यात साठवू द्या, मग फुकट. तिन्ही वाटांनी गेलं तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. आता माझ्याकडे येणाऱ्या निवृत्त गुरुजींचं खातं पुण्याच्या मुलानं कधीतरी उघडून दिलेलं असतं, पासवर्ड मुलाला आठवत नाही आणि ज्या नंबरवर ओटीपी जातो ते सिम केव्हाच बंद पडलंय. अर्धा दिवस त्यातच जातो, आणि याचे पैसे मागायचे कसे हे मला अजून उमगलेलं नाही. युरोपात ग्राहक संघटनांनी रेटा लावल्यावर तिथल्या लोकांसाठी सेटिंग्ज साठवण्याची अट काढून टाकली गेली. आपल्याकडे ती आहे तशीच आहे. आपल्या ग्राहक संघटना बिस्किटाच्या पुड्याच्या वजनावर जेवढं बोलतात, त्याच्या निम्मं तरी यावर बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खात्याचा विषय निघालाच आहे तर नवं मशीन घेणाऱ्यांना एक सूचना. नव्या विंडोज ११ मध्ये खात्यातून आत शिरलात की डिस्कला बहुतेक वेळा आपोआप कुलूप लागतं. पुढं बोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातला, की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती त्या खात्यातच साठवलेली असते. खातं हरवलं असेल तर लग्नाचे फोटो डिस्कमध्ये सुखरूप असूनही कोणीच काढून देऊ शकत नाही, मी तर नाहीच नाही. पहिल्याच दिवशी ती की कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

‘काही जुगाड करा ना’ असं सगळेच म्हणतात. जुगाड आहे. रुफस नावाच्या साध्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह केला, की अटी ओलांडून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं नाही, हे कंपनीनं लिहूनच ठेवलंय, आणि दर वर्षीची नवी आवृत्ती पुन्हा हातानं चढवावी लागते. २४एच२ या आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही, कारण त्याला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला ठाऊकच नाहीत. दुसरी वाट लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची. ज्याला फक्त नेट बघायचं, मेल करायची आणि मराठीत पत्रं टाइप करायची, त्याला मी लिनक्सची मिंट ही आवृत्ती टाकून देतो. पैसे लागत नाहीत आणि अपडेट वर्षानुवर्षं येत राहतात. केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात, तिथली पोरं काही मागं पडली नाहीत. पण टॅली, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, डिजिटल सहीचा टोकन, आधारचं थंब मशीन या सगळ्यावर ज्याचं पोट आहे, त्याला मी लिनक्स देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आत तो दारात उभा असतो.

त्यात भर म्हणून नवं मशीन घ्यायची ही वेळ अगदीच वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात चिप कंपन्या गुंतल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. क्रुशियल या नावाची रॅम आणि एसएसडी आम्ही वर्षानुवर्षं डोळे झाकून लावत आलो. ती बनवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर संगणकावर १८ टक्के जीएसटी. अशा वेळी ‘बदला’ म्हणणं सोपं आहे. आणि बदललेलं जुनं मशीन जातं कुठं? कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेनं २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता, की विंडोज १० संपल्यामुळे जगात २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. त्यातले आमच्या भागातले भंगारवाल्याच्या गाड्यावर जातात. तो तांबं काढून घेतो आणि उरलेलं पेटवून देतो.

माझं म्हणणं मात्र एवढंच आहे. फ्रीज घेताना दारावर तारे लावलेले असतात, वीज किती खाईल ते वर्षाच्या युनिटांसकट छापलेलं असतं. तसं लॅपटॉपच्या खोक्यावर ठळक छापा: या मशीनला सुरक्षेची अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत मिळतील. हे अशक्य नाही. गुगल क्रोमबुक लॅपटॉपसाठी दहा वर्षं अपडेट देण्याची हमी देतं. सॅमसंग आणि गुगल आपल्या महागड्या फोनना सात वर्षांची हमी देतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही फोन आणि टॅबलेटला किमान पाच वर्षं अपडेट मिळाली पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्ती निर्देशांकासाठी (वस्तू दुरुस्त करणं किती सोपं आहे याचे गुण) नेमलेल्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, यांबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही निकष त्यात आहे. पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. लॅपटॉप आणि डेस्कटॉप त्यात का नसावेत?

कोणी म्हणेल, विंडोज १० ची अखेरची तारीख तर २०१५ पासूनच जाहीर होती. होती. पण २०१८ साली सातव्या पिढीचा लॅपटॉप घेणाऱ्या बाईंना पुढचं विंडोज या मशीनवर चढणार नाही हे कोण सांगू शकत होतं? विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. उलट २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्यानं जाहीर कार्यक्रमात विंडोज १० हे शेवटचं विंडोज असल्याचं सांगितलं होतं आणि ते आम्हीही गिऱ्हाइकांना सांगत सुटलो होतो. तारीख छापायची सक्ती झाली, की निदान विकतानाच कंपनीला शब्द द्यावा लागेल. तारखेआधी हात वर केले तर ग्राहकाच्या हातात ग्राहक आयोगापुढं ठेवायला खोकं तरी असेल. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालयांच्या खरेदीत ही अट आजही टाकता येईल, त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

आणि ही सक्ती जुन्या, म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉपना आधी लागू करा. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी आमच्या भागात जे लॅपटॉप आले, त्यात कंपन्यांतून निघालेले सहाव्या पिढीचे कितीतरी होते. वर नवं स्टिकर, आत चकाचक फॉरमॅट मारलेलं विंडोज १०, एक वर्षाची वॉरंटी. हप्त्यानं घेतलेल्या त्या मशीनवर पुढचं विंडोज चढणार नाही, हे निदान यादी आल्यानंतरच्या बिलांवर एका ओळीत लिहायला विकणाऱ्याचं काहीच बिघडलं नसतं, कारण यादी २०२१ पासून सगळ्यांना बघता येतेय.

आपला वाचक,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
बार्शी, जि. सोलापूर