पार्किंगमधल्या मंडळींचे आभार
गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून रविवारी बॉनेट उघडून एकटाच घाम गाळत होतो, तेव्हा जे जे थांबले त्या सगळ्यांचे मनापासून आभार. स्कॅनर आणून पी०१३५ हा बिघाडाचा कोड वाचणारे काका, तुमच्यामुळे कळलं की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटर गेलाय. मी शहाणा मागचा बदलायला निघालो होतो! गंजून बसलेला सेन्सर काही केल्या हलेना. इंजिन जरा कोमट करायला सांगून, वायरसाठी खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट पाना देणारे दादा, तुम्ही वाचवलंत. नव्या सेन्सरच्या आट्यांवर तो जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट त्याच्या टोकाला लागू देऊ नका, असं बजावणाऱ्या ताई, तुमचेही आभार. चेक इंजिनचा दिवा विझलाय. आणि दादा, सॉकेट माझ्याकडेच राहिलाय, वॉचमनकडे ठेवतो.