ते विमान कालही उडाले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानांचे संदेश टिपण्याचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे. छतावर अँटेना, खाली छोटा रिसीव्हर, 1090 मेगाहर्ट्झवर येणारे संदेश आणि नोंदवही, एवढ्यावर तो भागतो. म्हणूनच ‘अणुयुद्धाचे विमान आकाशात’ अशा कुणाच्या तरी पोस्टची बातमी झालेली दिसली की राहवत नाही.

2 ऑक्टोबर 2020 रोजी ट्रम्प यांना कोरोना झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ पाणबुड्यांना अण्वस्त्रांचे आदेश पोहोचवणारी ‘ई-6बी मर्क्युरी’ विमाने, विमानांचा माग दाखवणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर दिसली आणि हा शत्रूला दिलेला इशारा आहे, असा अर्थ काही तासांत जगभर पसरला. ही उड्डाणे आधीच ठरलेली होती, असे अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडने सांगितले. लष्कराचा खुलासा डोळे मिटून मानावा, असे मी म्हणत नाही. पण आदल्या आठवड्याच्या नोंदी उघडून पाहायला काय हरकत होती? अमेरिकी नौदलाकडे अशी 16 विमाने आहेत आणि त्यांतले एखादे हवेत असणे हा नित्यक्रम आहे.

त्यांचे काम समजले तर भीती पुष्कळ कमी होते. पाण्याखालच्या पाणबुड्यांपर्यंत अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओलहरीच पोहोचतात आणि त्या पाठवायला प्रचंड लांब अँटेना लागते. म्हणून हे विमान काही किलोमीटर लांबीची तार मागे सोडते आणि ती जास्तीत जास्त उभी लोंबावी यासाठी एकाच जागी घट्ट घिरट्या घालते. नकाशावरची ती वर्तुळे पाहून नवख्याच्या पोटात गोळा येतो, पण सरावातही तशीच वर्तुळे उमटतात. अमेरिकी हवाई दलाचे ‘लुकिंग ग्लास’ हे उडते नियंत्रण केंद्र तर 3 फेब्रुवारी 1961 पासून 24 जुलै 1990 पर्यंत अखंड हवेत होते. एक विमान उतरण्याआधी दुसरे वर गेलेले असे.

दुसरी चूक ‘गायब’ या शब्दाची. नकाशावरून विमान नाहीसे झाले म्हणजे ते लपले, असे धरले जाते. लष्करी वैमानिक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे हे संदेश पाठवणारे विमानातले यंत्र, बंद करू शकतो, हे खरेच. पण हे संदेश सरळ रेषेत जातात. विमान खाली आले, डोंगराआड गेले किंवा जिथे कुणाचाच रिसीव्हर नाही अशा समुद्रावर पोहोचले, तरी खूण पुसली जाते. आणि ज्या मोहिमेत खरोखर लपायचे असते, तिथे बहुधा आपल्याला सुरुवातीपासूनच काही दिसत नाही.

या छंदाला कुणी नावे ठेवली की मला वाईट वाटते. सीआयएने संशयितांना विमानाने गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेले, ते उघडकीस आणताना पत्रकारांना हौशी मंडळींनी टिपलेल्या शेपटीवरच्या क्रमांकांची मोठी मदत झाली. 2001 मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे 12 ब्रिटिश आणि 2 डच हौशी निरीक्षकांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. शिक्षाही झाली आणि पुढच्या वर्षी अपिलात ते सुटले. ही माणसे भाकिते करत नव्हती, क्रमांक आणि तारखा लिहीत होती.

तेव्हा विनंती एवढीच: अशी पोस्ट बातमी म्हणून छापण्याआधी तिच्या लेखकाला विचारावे, की हेच विमान मागच्या महिन्यात किती वेळा दिसले होते. त्याच्याकडे आकडा नसेल, तर ती बातमी थांबवावी.

आपला,
एक नियमित वाचक