अर्ज पाठवला आहे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, आधी गॅस बंद करून ये आणि बसून ऐक. बाबा, मोठ्याने वाचा.

मी नासाकडे अंतराळवीर व्हायला अर्ज केलाय. महिना होत आला. दर रविवारी सांगायचं ठरवते, पण आईने "जेवलीस का?" विचारलं की पुढचं तोंडातून निघत नाही. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला.

अमेरिकेचं नौदल सोडत नाहीये. निवड झालीच तर नौदलच मला नासाकडे पाठवेल. नोकरी, पगार सगळं चालू राहतं. उलट आत्ता महिनोन्‌महिने जहाजावर असते, त्याऐवजी पहिली दोनेक वर्षं ह्यूस्टनला प्रशिक्षण. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं अंथरूण. सुनीता विल्यम्स माझ्यासारख्याच नौदलाच्या हेलिकॉप्टर पायलट होत्या. निवड १९९८ ची, पहिलं उड्डाण थेट २००६ मध्ये. म्हणजे मी काही उद्या निघाले नाही. मागच्या खेपेला आठ हजारांवर अर्ज आले आणि घेतले १०.

आई, सुनीता विल्यम्सचे अंतराळातले आठ दिवसांचे २८६ दिवस झाले, तेव्हा तू रोज देवापुढे त्यांचं नाव घ्यायचीस. माझ्या बाबतीत तसं होणारच नाही, असं खोटं नाही सांगणार. पण अंतराळ स्थानकावरून घरी फोन लावता येतो गं. जहाजावरून करते त्याहून जास्त करेन.

बाबा, पाठीला डबा बांधून मला विहिरीत उतरवलं होतंत, आठवतं? पोटाखाली तुमचा तळहात होता. नौदलात सरावासाठी आम्हाला आत बसवून हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात बुडवून उलटा करतात. डोळ्यांवर काळा चष्मा, नाकात पाणी. एका हाताने खिडकीची कड घट्ट धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडायचा. पहिल्यांदा डोकं खाली, पाय वर झाले तेव्हा तोच तळहात जाणवला मला. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

वर वजन जाणवत नाही, त्यामुळे हाडं महिन्याला एक-दीड टक्का झिजतात. म्हणून रोज दोन तास व्यायाम करावाच लागतो. मग आई, तू निदान अर्धा तास चालायचं. हाडांची तपासणी याच महिन्यात, गुडघा दुखायचा थांबला म्हणून पुढे ढकलायची नाही. बाबा, बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवायला घेतलेलं नाही.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. रागावला असलात तरी उचला.

तुमची,
चिमी